देमचोकची नोंद

मार्च २०२४ मध्ये एका मराठी संदर्भग्रंथाच्या संपादकांचा मला दूरध्वनी आला. ‘डेमचोक’ या गावावर तीनशे शब्दांची नोंद हवी होती, मुदत तीन आठवड्यांची होती आणि ‘ड’ या अक्षराची पाने लवकरच छपाईला जाणार असल्यामुळे ती वाढवून मिळणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले. महाविद्यालयात भूगोल शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर नद्या, खिंडी, सरोवरे अशा विषयांवर मी या ग्रंथासाठी चाळीसएक नोंदी लिहिल्या आहेत. पूर्व लडाखमधले, सिंधूच्या काठचे, मूठभर घरांचे एक गाव म्हणजे दोन संध्याकाळींचे काम, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात ही नोंद हातावेगळी व्हायला चौदा महिने लागले. ते कसे लागले, ते क्रमाने सांगते.

अशा ग्रंथांतील स्थलविषयक नोंदींचा एक साचा ठरलेला असतो. प्रथम नाव, मग ते स्थळ कोणत्या राज्यात व जिल्ह्यात आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची, चतुःसीमा, इतिहास, लोकजीवन आणि शेवटी ‘पाहा’ असे म्हणून इतर नोंदींकडे बोट. मी साच्यातली पहिली ओळ भरायला घेतली आणि नावावरच थांबले.

रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांच्यासाठी एकच अक्षर असल्यामुळे इंग्रजीतून आलेले गाव मराठीत येताना कोणत्या दारातून आत घ्यायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. वृत्तपत्रांनी सरसकट ‘डेमचोक’ केले आहे, काही ठिकाणी ‘डेमचॉक’ही दिसते. याला पूर्वपीठिका आहे. हिंदीतला ‘लद्दाख’ मराठीत कित्येक दशके ‘लडाख’ म्हणून नांदतो आहे आणि आता तो बदलण्याचे काही कारण नाही, कारण ते नाव रुळलेले आहे. देमचोक मात्र रुळलेले नाही. तिबेटी वर्णाक्षरांत त्याचे दोन घटक आहेत. पहिल्याचा अर्थ सुख आणि दुसऱ्याचा अर्थ श्रेष्ठ. संस्कृतात ज्या तांत्रिक बौद्ध देवतेला चक्रसंवर म्हणतात तिचे हे तिबेटी नाव आहे, आणि तिबेटी बौद्धांच्या श्रद्धेनुसार कैलास पर्वत हे तिचे निवासस्थान आहे. तिबेटी शब्दातला पहिला वर्ण दंत्य आहे, मूर्धन्य नाही. त्यामुळे मी नोंदीच्या माथ्यावर ‘देमचोक’ असे लिहिले आणि संपादकांना तसे कळवले.

त्यांचा उलट दूरध्वनी लगेच आला. “बाई, तुम्ही ‘द’ केलेत, म्हणजे हे गाव आता पुढच्या खंडात गेले की!” तोपर्यंत ही बाब माझ्या ध्यानातच आली नव्हती. वर्णमालेत ड आणि द यांच्यामध्ये ढ, ण, त, थ ही चार अक्षरे आहेत, आणि त्यांत ‘त’ हे अक्षर किती जागा खाते हे कोशाचे काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. एका टिंबाएवढ्या उच्चारभेदाने मला वर्षभराची सवड मिळाली होती. ती मिळाली नसती, तर मी तीन आठवड्यांत एक चुकीची नोंद लिहून मोकळी झाले असते, याबद्दल मला आज शंका नाही.

दुसरी ओळ होती स्थानाची. “लडाखच्या लेह जिल्ह्यातील, सिंधू नदीच्या डाव्या तीरावरील एक तिबेटी गाव” असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला नाही. पुढे त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वादात सापडला.

त्याचे मूळ समजण्यासाठी तिथला एक ओढा समजून घ्यावा लागतो. सिंधू तिबेटातून वायव्येकडे वाहत येते, ताशीगांग या तिबेटी गावाच्या बाजूने पुढे सरकते आणि सुमारे ४,२०० मीटर उंचीवर देमचोकपाशी लडाखमध्ये शिरते. तिथे डाव्या तीरावर तिला चारदिंग नावाचा एक ओढा येऊन मिळतो. ओढ्याच्या अलीकडे भारताच्या प्रशासनाखालचे देमचोक आहे आणि पलीकडे चीनच्या ताब्यातली त्याच नावाची वस्ती आहे, जिचा चिनी कागदपत्रांत पश्चिम तिबेटमधल्या ङारी विभागात समावेश होतो. (मराठी वर्णमालेत केवळ शोभेसाठी ठेवलेल्या ‘ङ’ला इतक्या वर्षांनी काही काम मिळाले, याचा मला आनंद झाला. त्या अक्षराचा खंड मात्र कोणत्याच कोशात नसतो, त्यामुळे ङारीची स्वतंत्र नोंद कुठे घालायची हा प्रश्न संपादकांनी अद्याप सोडवलेला नाही.) भारत पलीकडच्या वस्तीवर हक्क सांगतो, चीन अलीकडच्या गावावर सांगतो. चिनी लिखाणात अलीकडच्या या टापूला ‘पारिगास’ असे नाव आहे, आणि हे माहीत नसल्यामुळे पारिगासविषयीचे दोन लेख मी दुसऱ्याच कुठल्या तरी वादाविषयीचे समजून बाजूला ठेवून दिले होते.

गावाचे दोन तुकडे १९६२ च्या युद्धाने केले असावेत, अशी माझी समजूत होती आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांची तीच होती. पहिला धक्का मला हेन्री स्ट्रेची याने दिला. १८४६ मध्ये अमृतसरच्या तहाने काश्मीर गुलाबसिंगाकडे गेल्यावर सीमा पाहून ठरवण्यासाठी इंग्रजांनी जे आयोग धाडले, त्यांतील १८४७ च्या आयोगात कनिंगहॅम आणि वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमसन यांच्याबरोबर स्ट्रेची होता. तो देमचोकला पोहोचला तेव्हा तिथे पाच-सहा झोपड्या आणि तंबू होते, आणि त्यांत कायमची वस्ती नव्हती. त्या वाडीच्या मधून एक ओढा वाहत होता आणि लडाख व ल्हासाच्या अमलाखालचा ङारी यांची त्या बाजूची सीमा म्हणजे तोच ओढा, असे त्याने नोंदवून ठेवले. म्हणजे युद्धाच्या ११५ वर्षे आधीही ही वाडी दुभागलेलीच होती. फरक इतकाच की, ओढ्यावर पहारा नव्हता आणि अलीकडची शेळी पलीकडे गेली तर त्याची बातमी होत नव्हती.

स्ट्रेचीपासून मागे जाणे भाग होते, कारण त्याने ती सीमा स्वतः ठरवलेली नव्हती. लडाखच्या राजवंशाची एक बखर आहे. बखर हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण आपल्याकडच्या बखरींप्रमाणेच तिच्यातही वंशावळ, पराक्रम, दानधर्म आणि तहाच्या अटी एकाच ओघात येतात. मोरेव्हियन मिशनरी फ्रांके याने ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाषांतरासह प्रसिद्ध केली. १६७९ ते १६८४ या काळात तिबेट आणि लडाख यांच्यात युद्ध झाले, लडाखच्या राजाने काश्मीरच्या मोगल सुभेदाराकडे मदत मागितली आणि मोगल फौजेने येऊन बासगोच्या वेढ्यातून त्याला सोडवले. औरंगजेब स्वतः तेव्हा दख्खनेत उतरलेला होता आणि इकडे संभाजी महाराजांशी त्याचे युद्ध चालू होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या साम्राज्याच्या दोन टोकांमधले अंतर जाणवते. युद्धानंतर १६८४ मध्ये तिंगमोसगांग येथे तह झाला. मूळ दस्तऐवज आज हाती नाही, त्याच्या अटी बखरीतून कळतात, आणि त्यांतील एक अट अशी की, सीमा देमचोक येथील ल्हारी ओढ्यावर राहील.

‘ल्हारी’ म्हणजे देवाचा डोंगर. असा डोंगर त्या प्रदेशात जवळजवळ प्रत्येक गावाला असतो, जसा आपल्याकडे प्रत्येक गावाला एखादा म्हसोबाचा माळ असतो. त्यामुळे तहातला ओढा नेमका कोणता, यावर नंतरच्या लोकांना भांडायला भरपूर जागा मिळाली. बहुतेक अभ्यासक तो म्हणजेच आजचा चारदिंग असे मानतात, आणि स्ट्रेचीने लिहिलेलेही त्याच्याशी जुळते. मी नोंदीत तसेच लिहिले. मात्र ‘बहुतेक अभ्यासक’ हे दोन शब्द गाळायला मी शेवटपर्यंत तयार झाले नाही.

तहाच्या इतर अटी वाचताना मी दोन आठवडे मूळ काम विसरले होते. ङारीची पश्म लोकर लडाखमार्गेच काश्मीरला जावी, लडाखकडून दर तीन वर्षांनी ल्हासाला ‘लापचाक’ नावाचा भेटींचा आणि व्यापाराचा तांडा जावा, तिकडून ‘चाबा’ हा चहाचा तांडा लेहला यावा, अशी ती व्यवस्था होती. ती जवळपास अडीचशे वर्षे चालली. आणखी एक गोष्ट म्हणजे कैलासाजवळचे मिनसर हे गाव लडाखच्या राजाने स्वतःकडे राखले, कारण तिथल्या उत्पन्नातून कैलासाच्या पुढ्यात दिवे तेवत ठेवायचे होते. तिबेटच्या पोटात असलेल्या त्या एका गावाचा सारा पुढे काश्मीर दरबाराकडे विसाव्या शतकातही येत राहिला. दिव्याच्या तुपासाठी गाव राखण्याची कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. देवस्थान इनामे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. मिनसरचा हा मजकूर तीनशे शब्दांत बसेना, म्हणून मी संपादकांना त्याच्यासाठी वेगळी नोंद सुचवली आणि ती त्यांनी मान्य केली, हा या उद्योगाचा एक अनपेक्षित लाभ.

यानंतरचा इतिहास मी भराभर उरकला होता. गुलाबसिंगाचा सेनापती जोरावरसिंग याने १८४१ मध्ये याच प्रदेशातून कैलास-मानसरोवरापर्यंत धडक मारली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तकलाकोटजवळ तो मारला गेला. १८४२ च्या चुशूलच्या तहाने ‘जुन्या सीमा’ कायम केल्या, पण त्या जुन्या सीमा कोणत्या हे त्यात सांगितले नाही. पुढे १८६० च्या दशकातील सर्वेक्षणानंतरच्या ब्रिटिश नकाशांनी सीमारेषा गावाच्या वायव्येला सरकवली आणि देमचोक तिबेटात दाखवले. एकाच सरकारच्या एका अधिकाऱ्याने वाडीच्या मधोमध पाहिलेली सीमा वीस वर्षांत त्याच सरकारच्या नकाशांत गाव ओलांडून अलीकडे आली, आणि आजच्या वादाचे बरेचसे बियाणे त्या रेषेत आहे, असे माझे मत झाले. हे मत अर्थातच नोंदीत आले नाही.

१९५४ चे प्रकरण मात्र मी सावकाश वाचले. २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटबरोबरच्या व्यापाराचा आणि दळणवळणाचा जो करार झाला, तो आपण पंचशील करार म्हणून ओळखतो आणि त्याची प्रस्तावनाच तेवढी आपल्याला पाठ असते. त्याचे चौथे कलम कोणी वाचत नाही. त्यात शिपकी, माना, नीती, कुंग्री बिंग्री, दारमा आणि लिपुलेख या सहा खिंडींची नावे आहेत आणि त्यांच्यानंतर असे म्हटले आहे की, शांगात्सांगपु म्हणजे सिंधू नदीच्या खोऱ्यातून ताशीगांगला जाणारा परंपरागत मार्ग रिवाजानुसार वापरता येईल. त्या मार्गावर ताशीगांगच्या आधी जे गाव लागते, त्याचे नाव या वाक्यात नाही. नाव घेतले तर ते कोणाचे हे सांगावे लागले असते, म्हणून वाटाघाटी करणाऱ्यांनी गावाला वळसा घालून रस्ता लिहिला. मी ते कलम तीन वेळा वाचले. माझ्या पहिल्या खर्ड्यात अडखळ न येता लिहिलेले ‘लडाखच्या लेह जिल्ह्यातील’ हे शब्द मला तेव्हा प्रथम खुपले.

कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती १९६२ च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरअखेरीस चिनी सैन्याने देमचोकच्या परिसरातील भारतीय ठाण्यांवर हल्ला केला. युद्धानंतर ओढ्याच्या पलीकडचा भाग चीनच्या ताब्यात राहिला.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी आणि माझी धाकटी बहीण लेहला गेलो. नोंद लिहिण्यासाठी स्थळ पाहण्याची अट नसते आणि त्याचा खर्चही मिळत नाही, पण वयाच्या या टप्प्यावर पुन्हा जाणे होईल असे वाटत नव्हते. लेहची उंची साधारण ३,५०० मीटर आहे. तिथे आम्ही तीन दिवस नुसते बसून काढले, पर्यावरण शुल्क भरून नावनोंदणी केली आणि चौथ्या दिवशी सकाळी निघालो. उपशीला मनालीचा रस्ता सोडून गाडी सिंधूच्या काठाने वर चढू लागते. चुमाथांगला नदीच्या अगदी कडेला गरम पाण्याचे झरे आहेत. माहेच्या पुलापर्यंत दरी अरुंद आहे आणि त्यानंतर ती एकदम सैल पडते. पात्र रुंदावते, पाणी संथ होते, काठाने हिरवट गवताची पट्टी लागते आणि डोंगर मागे सरकून बसतात. पुस्तकात चांगथांगचे पठार शिकवताना मी ‘पठार’ हा शब्द वापरत आले होते, पण सह्याद्रीतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पठार म्हटले की कास किंवा पाचगणी येते. इथे पठार म्हणजे सपाटी नव्हती, तर रुंद दऱ्यांचा एक उंचावलेला प्रदेश होता. हा फरक मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवा होता.

न्योमाला पोहोचेपर्यंत बहिणीचे डोके असह्य दुखू लागले होते आणि रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी तिथल्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला आणि खाली उतरा, एवढेच सांगण्यात आले. पुढचा रस्ता लोमा, दुंगती, कोयूल आणि मग देमचोक असा जातो. मी त्या दिशेला दवाखान्याच्या दारातून पाहिले, इतकेच माझे देमचोकदर्शन. परतीचा निर्णय घ्यायला दोन मिनिटेही लागली नाहीत, आणि तो चुकला असे मला एकदाही वाटलेले नाही.

त्या दवाखान्याच्या बाकावर मात्र माझी एका वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. ते दुंगतीकडचे चांगपा, म्हणजे पश्मिना देणाऱ्या शेळ्या पाळणारे. सूनबाईंना घेऊन आले होते. गाडीचालक त्यांना ‘मेमे-ले’ म्हणत होता, म्हणजे आजोबा, म्हणून मीही तसेच म्हटले. त्याच्या मदतीने, अर्ध्या हिंदीत, मी त्यांना सांगितले की मी देमचोकविषयी एका पुस्तकात लिहिते आहे. त्यांनी प्रथम माझा उच्चार दुरुस्त केला. त्यांचा ‘च’ माझ्यापेक्षा बराच महाप्राण होता, ‘छ’च्या जवळचा. मग त्यांनी विचारले, काय काय लिहिले आहे? मी उंची सांगितली, ओढा सांगितला, १६८४ चा तह सांगितला. ते शांतपणे ऐकत होते. “आणि कुरण?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, कुरणाविषयी अजून लिहिलेले नाही.

पुढची वीस मिनिटे ते कुरणाविषयीच बोलले. उन्हाळ्यात शेळ्या वर असतात, तेव्हा अडचण नसते. हिवाळ्यात बर्फ कमी पडते अशा सखल जागा लागतात आणि सिंधूच्या काठाने दुंगतीपासून देमचोककडे पसरलेले स्काकजुंग हे त्यासाठीचे जुने कुरण. त्यांच्या वडिलांच्या वेळी कळप कुठपर्यंत जात, त्यांच्या तरुणपणी कुठपर्यंत आणि आता कुठपर्यंत, हे त्यांनी बाकावर बोट ओढत मला दाखवले. प्रत्येक वेळी बोट अलीकडे थांबत होते. हिवाळ्याच्या शेवटी शेळ्या विऊ लागतात आणि त्याच वेळी चारा नसतो, म्हणून करडे मरतात. हे सांगताना त्यांनी चीनचा उल्लेख दोनदा केला आणि आपल्या बाजूच्या, पुढे जाऊ न देणाऱ्या शिपायांचा तीनदा. निघताना त्यांनी विचारले, “स्काकजुंग लिहाल ना?” मी हो म्हटले.

परत आल्यावर खर्डा हाती घेतला, तेव्हा त्यातला ‘लेह जिल्हा’ही डळमळीत झालेला होता. २६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने लडाखमध्ये पाच नवे जिल्हे करण्याची घोषणा केली होती आणि चांगथांग हा त्यांपैकी एक होता. मी शब्द बदलून ‘पूर्व लडाखच्या चांगथांग भागातील’ असे केले, कारण तो भाग जिल्हा होवो न होवो, चांगथांगच राहणार होता. त्यानंतर २१ ऑक्टोबरला परराष्ट्र खात्याने जाहीर केले की, गस्तीसंबंधी चीनशी समझोता झाला आहे. २०२० पासून देपसांग आणि देमचोक येथे समोरासमोर असलेले सैनिक महिनाअखेरीस मागे घेण्यात आले आणि दिवाळीला दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मिठाईची देवाणघेवाण केल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच गावात पाण्याच्या पाटाच्या कामावरून दोन्हीकडचे सैनिक आमनेसामने आले होते. पाट आणि मिठाई या दोन्ही गोष्टी नोंदीत एकेका वाक्यात आल्या. मला स्वतःला पाट अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण सातूच्या शेताला पाणी देणे हे गावाचे काम आहे.

डिसेंबरात खर्डा दोन परीक्षकांकडे गेला. परीक्षकांची नावे लेखकाला सांगत नाहीत, पण शेऱ्यांवरून माणूस कळतो. पहिल्यांनी ‘तिबेटी गाव’ यातल्या ‘तिबेटी’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून, हा शब्द चिनी दाव्याला बळ देतो, असे समासात लिहिले होते. दुसऱ्यांनी त्याच शब्दाखाली, हा शब्द ठेवलाच पाहिजे, कारण भाषा, धर्म आणि राहणी तिबेटी आहे, असे लिहिले होते. दोघांचेही म्हणणे मला पटत होते, कारण ‘तिबेटी’ हा शब्द एकाच वेळी संस्कृतीचा आणि मुलखाचा वाचक आहे आणि मराठीत त्या दोन अर्थांसाठी वेगळे शब्द आपण कधी केले नाहीत. मी तो शब्द गावापासून सोडवून माणसांना जोडला. “येथील रहिवासी प्रामुख्याने चांगपा पशुपालक असून त्यांची बोली तिबेटी भाषागटातील आणि धर्म तिबेटी परंपरेचा बौद्ध आहे.” यावर दोघांनीही आक्षेप घेतला नाही.

‘वादग्रस्त’ या शब्दावरही असेच झाले. पहिल्यांच्या मते जे आपले आहे ते आपण वादग्रस्त म्हणू नये. येथे मी बदल केला, पण त्यांचे मत मान्य झाले म्हणून नव्हे. ‘वादग्रस्त’ हे विशेषण आळशी आहे, असे माझे मत तोपर्यंत झाले होते. कोण काय ताब्यात ठेवतो आणि कोण कशावर हक्क सांगतो, हे सांगता येत असताना विशेषण कशाला? शेवटी वाक्य असे ठरले: “चारदिंग ओढ्याच्या वायव्येकडील गाव भारताच्या प्रशासनाखाली असून ओढ्यापलीकडील त्याच नावाची वस्ती चीनच्या ताब्यात आहे; दोन्ही देश दोन्ही वस्त्यांवर आपला हक्क सांगतात.” या एका वाक्याचे माझ्याकडे अकरा खर्डे आहेत.

नकाशा राहिला होता. फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९६१ यात पुढे केलेल्या तरतुदीनुसार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशात आंतरराष्ट्रीय सीमा गावाच्या पलीकडे आहे आणि प्रत्यक्ष नियंत्रण रेषा दाखवलेली नसते. म्हणजे मजकुरात ओढ्यापाशी संपणारा भारताचा ताबा आणि शेजारच्याच नकाशात ओढ्यापलीकडे निवांत पसरलेली भारताची हद्द, अशी दोन चित्रे एकाच पानावर आली असती. दोन्ही आपापल्या अर्थाने बरोबर होती, पण विद्यार्थ्याला ते कसे समजावायचे? आम्ही दोन महिने वेगवेगळ्या तळटिपा करून पाहिल्या. अखेरीस संपादकांनी नकाशा काढून टाकला आणि त्याच्या जागी सिंधू खोऱ्याचा, गावाचे नाव नसलेला उठावदर्शक नकाशा घ्यायचे ठरवले. मला १९५४ च्या चौथ्या कलमाची आठवण झाली. मी त्यांना काही म्हटले नाही.

तीनशे शब्दांची मर्यादा वाढवून साडेतीनशे करून मिळाली, तरी अठ्ठावीस शब्द जास्त भरत होते. संपादकांनी ज्या दोन वाक्यांवर काट मारली, त्यांतले एक स्काकजुंगचे होते. मी ते परत घातले आणि जोरावरसिंग काढला. जोरावरसिंगाला त्याची स्वतःची नोंद आहे. त्यावर “बाई, कुरणासाठी सेनापती?” असा प्रश्न त्यांनी केला, पण वाद घातला नाही.

मे २०२५ मध्ये ‘ड’चा खंड छापून माझ्या घरी आला. त्यात ‘डेबूजी’ आणि ‘डेरवण’ यांच्या आगेमागे कुठेतरी, वाचकाने वृत्तपत्रातले नाव शोधले तर त्याची निराशा होऊ नये म्हणून घातलेली एक ओळ आहे: “डेमचोक : पाहा देमचोक.” ‘द’चा खंड अजून छपाईला जायचा आहे.